पावसाळी सल्ला : क्रिबेन्सिस आणि रॅम माशांच्या विणीसाठी पावसाचे पाणी

घरगुती टाक्यांत सिक्लिड कुळातले छोटे मासे वाढवणाऱ्यांसाठी जून ते सप्टेंबर हे चार महिने वर्षातले सर्वांत मोलाचे असतात. देशावरच्या बहुतेक गावांत वर्षभर मिळणारे बोअरचे पाणी क्षारांनी जड असते आणि या माशांना विणीसाठी लागणारे मऊ पाणी याच काळात विनामूल्य हाती येते. परंतु पिल्लांची सर्वाधिक मरही याच काळात होते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा रोग नसून घाईने केलेला पाणीबदल असतो. ज्यांच्याकडे पडवीत किंवा मागच्या खोलीत 50 ते 100 लिटरच्या तीन-चार टाक्या आहेत आणि जे शोभिवंत मासे विकून थोडी जोडमिळकत करू पाहतात, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे.

येथे दोन माशांचा विचार केला आहे. क्रिबेन्सिस, म्हणजे बाजारातला क्रिब, हा मूळचा दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी भागातील ओढ्यांचा मासा, तर रॅम हा व्हेनेझुएला व कोलंबियातील ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला. दोघेही जोडीने राहतात, अंडी आणि पिल्ले स्वतः राखतात आणि लहान टाकीत वितात. ज्यांनी आजवर एकही सिक्लिड वाढवलेला नाही त्यांनी पहिल्या हंगामात क्रिबच घ्यावा. रॅम दिसायला अधिक देखणा आहे, पण पाण्यातली चूक तो सोसत नाही.

पाणी कसे साठवावे

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांचे पाणी धरू नये, कारण हवेतील आणि छपरावरील धूळ, काजळी व पक्ष्यांची विष्ठा त्या पाण्यात उतरते. त्यानंतरही प्रत्येक सरीची सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि मगच पिंप लावावे. कारखान्यांच्या वसाहतीला लागून राहणाऱ्यांनी हे पाणी माशांसाठी वापरण्याच्या फंदात पडू नये.

पाणी कशावरून उतरते, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पावसाचे पाणी किंचित आम्ल आणि क्षारविरहित असल्यामुळे ज्या पृष्ठभागावरून वाहते त्यातले काही ना काही विरघळवून घेते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून उतरलेल्या पाण्यात जस्त येते, आणि मऊ पाण्यात जस्ताची अल्प मात्राही पिल्लांच्या कल्ल्यांना घातक ठरते. मी स्वतः एका वर्षी गोठ्याच्या नव्या पत्र्याखाली पिंप लावले होते. पाणी आरशासारखे स्वच्छ होते, पीएच (आम्लतेचे माप; सातच्या खाली आकडा जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल) उत्तम होता, आणि तरीही बारा दिवसांची क्रिबची पिल्ले दुसऱ्या सकाळी तळाशी पांढरी होऊन पडलेली होती, तर त्यांचे आईबाप पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. तेव्हापासून मी पत्र्याचे पाणी टाकीत घालत नाही. सिमेंटच्या गच्चीचे पाणी विषारी नसते, पण सिमेंटातला चुना घेऊन ते जड होते आणि मूळ हेतूच फसतो. मंगलोरी कौलांवरचे पाणी चालते. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अंगणात चार खांबांना स्वच्छ प्लास्टिकची ताडपत्री बांधून, मध्यभागी एक दगड ठेवून, तिच्या भोकातून पाणी थेट खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या पिंपात उतरवणे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे 10 चौरस मीटरच्या ताडपत्रीवर 20 मिलिमीटरची एक सर आली, तर 200 लिटरचे पिंप भरते.

पिंपाच्या तोंडाला बारीक विणीचे कापड ताणून घट्ट बांधावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवणीत अंडी घालतो, आणि माशांना खाद्य मिळेल म्हणून उघड्या पिंपात डासांच्या अळ्या होऊ देणे हा घरातल्या व शेजारच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

मिश्रण करावे, केवळ पावसाचे पाणी वापरू नये

मऊ पाणी चांगले म्हणून संपूर्ण टाकी पावसाच्या पाण्याने भरणे, ही या हंगामात नेहमी होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि या क्रियेत पाण्यातील कार्बोनेट खर्ची पडते. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर असल्याने फरक जाणवत नाही, परंतु पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे आठ-दहा दिवसांत पीएच सहाच्या खाली घसरतो आणि ते जिवाणू मंदावतात. आता अमोनिया साचू लागतो, पण आम्ल पाण्यात तो अमोनियमच्या कमी घातक रूपात राहतो, म्हणून मासे वरवर ठीक दिसतात. मग मासे पाळणाऱ्याला पीएच फार उतरल्याचे कळते, तो घाबरून अर्धी टाकी काढतो व आठ पीएचचे बोअरचे पाणी ओततो, आणि त्याच क्षणी साचलेले अमोनियम पुन्हा विषारी अमोनियात बदलते. तासाभरात टाकीतले मासे मरतात आणि दोष पाण्याऐवजी माशांच्या जातीला दिला जातो. अशा वेळी पीएच एकदम चढवू नये. खाद्य बंद ठेवावे, तशाच मऊ पाण्याचे लहान बदल करून अमोनिया आधी कमी करावा आणि नंतर दोन-तीन दिवसांत थोडे थोडे जड पाणी मिसळावे.

मिश्रणाचे गणित सोपे आहे, मात्र त्यासाठी बोअरच्या पाण्याचा जडपणा थेंबांच्या तपासणी संचाने एकदा मोजून घ्यावा. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, जडपणा नव्हे, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. बोअरचा जडपणा लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस मिसळल्यास सुमारे 100 मिलिग्रॅमचे पाणी मिळते, जे क्रिबला उत्तम मानवते. रॅमसाठी एक भागास सात भाग घेतल्यास सुमारे 50 मिलिग्रॅम मिळतात. हे मिश्रण वेगळ्या पिंपात करून रात्रभर हवेचा पंप लावून ठेवावे, तापमान टाकीइतके झाल्याची खात्री करावी आणि एका वेळी टाकीच्या दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक पाणी बदलू नये. फार मऊ टाकीत मूठभर शिंपल्यांचा चुरा कापडी पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ ठेवला, तर पीएच अचानक कोसळत नाही.

बोअरऐवजी नळाचे पाणी मिसळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की पावसाळ्यात पाणी गढूळ येत असल्याने पुरवठ्यात क्लोरीनची मात्रा वाढवली जाते. उन्हाळ्यात जितके क्लोरीनविरोधी औषध पुरत होते तितके आता पुरेलच असे नाही.

क्रिबची जोडी आणि करवंटी

नर व मादी स्वतंत्र आणून जबरदस्तीने जोडी लावण्यापेक्षा सहा-आठ लहान क्रिब एकत्र वाढवावेत आणि त्यांनी आपली जोडी निवडली की बाकीचे दुसरीकडे हलवावेत. नर लांबट असतो व त्याच्या पाठीचा पर टोकदार असतो. मादी आखूड व गोल असते आणि विणीच्या वेळी तिचे पोट पिकलेल्या करवंदाच्या आतल्या गरासारखे गडद लाल-जांभळे होते. ती आपले अंग कमानीसारखे वाकवून ते पोट नराच्या डोळ्यांसमोर थरथरवते. हे दिसू लागले की आठवड्याभरात अंडी येतील असे समजावे.

क्रिब बिळात अंडी घालतो. त्यासाठी नारळाची करवंटी फार सोयीची आहे. शेंड्या खरवडून काढाव्यात, आतील खोबऱ्याचा अंश राहू देऊ नये, दोन-तीनदा पाणी बदलून उकळावी आणि कडेला जेमतेम दोन बोटे जातील एवढी खाच पाडून वाळूवर उपडी ठेवावी. प्रवेश अरुंद असेल तर मादी निश्चिंत राहते. वाळू बारीक असावी, कारण जोडी तोंडाने वाळू उपसून खाच स्वतःच्या मापाची करून घेते. देशी बदामाची गळलेली, लालसर, वाळकी दोन-तीन पाने तळाशी टाकल्यास पाण्याला चहाचा रंग येतो, मासे निर्धास्त होतात आणि पिल्लांना पानांवरचे सूक्ष्म जीव खायला मिळतात.

मादी करवंटीच्या छताला अंडी चिकटवते, म्हणून ती बाहेरून दिसत नाहीत. ती बाहेर येईनाशी झाली आणि नर दारात पहारा देऊ लागला की अंडी घातली आहेत हे ओळखावे व करवंटी उचलून पाहण्याचा मोह आवरावा. सुमारे तीन दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी पिल्ले पोहत बाहेर येतात. त्या दिवशी टाकीसमोर शांत बसून पाहावे. पिल्लांचा करडा पुंजका वाळूवरून सरकत असतो, मादी आपले पर झटकते आणि त्याच क्षणी सगळी पिल्ले तळाला चिकटून वाळूशी एकरूप होतात. ज्या पालकांना ही राखण करता येते त्यांच्यापासून पिल्ले लगेच वेगळी करू नयेत.

पीएच आणि नर-मादीचे प्रमाण

पाण्याचे मिश्रण करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि विक्री करणाऱ्यांसाठी ते सर्वांत महत्त्वाचे आहे. क्रिबमध्ये पिल्ले नर होणार की मादी, यावर पहिल्या महिन्यातील पाण्याच्या पीएचचा परिणाम होतो. पाणी आम्ल असेल तर नरांचे प्रमाण वाढते, आणि सातच्या जवळ असेल तर माद्या अधिक मिळतात. केवळ पावसाच्या पाण्यात वाढवलेल्या पिल्लांत तीन-चार महिन्यांनी नरच नर निघतात. दुकानदार जोड्या मागतो आणि लाल पोटाच्या माद्यांअभावी माल पडून राहतो. म्हणून पिल्ले पोहू लागल्यापासून किमान 30 दिवस पीएच साडेसहा ते सातच्या दरम्यान स्थिर ठेवावा आणि प्रत्येक विणीची तारीख व पीएच वहीत नोंदवावा.

रॅमसाठी वेगळी काळजी

रॅमला 28 अंशांच्या आसपास तापमान लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातही टाकीचे पाणी त्याच्या जवळपास राहते, पण पुणे, सातारा, नाशिककडे जुलै-ऑगस्टमध्ये ते बरेच खाली उतरते, म्हणून तेथे लिटरला एक वॅट या हिशोबाने हीटर अनिवार्य समजावा. रॅम उघड्या सपाट दगडावर अंडी घालतो. पिढ्यान्‌पिढ्या कृत्रिमरीत्या उबवलेल्या अनेक जोड्या पालकत्व विसरल्यासारख्या वागतात आणि अंडी खातात. सलग दोनदा असे घडले, तर तिसऱ्या वेळी अंड्यांसह दगड त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या बरणीत हलवावा, शेजारी हवेचा हलका प्रवाह सोडावा आणि पाण्याला फिकट निळी छटा येईल इतकेच मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे औषध घालावे. पांढरी पडलेली अंडी रोज काढावीत, नाहीतर बुरशी चांगल्या अंड्यांवर पसरते. जड पाण्यात रॅम अंडी घालतोही, पण बहुतेक अंडी पांढरी पडतात. पावसाच्या पाण्याचा खरा फायदा येथे दिसतो.

खाद्य आणि वीज

क्रिबच्या पिल्लांना पोहू लागल्याच्या दिवसापासून ताजे उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखे बारीक जीव) देता येते. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम जाडे मीठ, जोराची हवा आणि प्रकाश मिळाल्यास 24 ते 36 तासांत आर्टेमियाची अंडी फुटतात. टरफले वेगळी करून, बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुऊन मगच ते टाकीत सोडावे. रॅमची पिल्ले आणखी बारीक असल्याने पहिले दोन-तीन दिवस त्यांना इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, द्यावा. कोरड्या खाद्याचा डबा दमट हवेत उघडा राहिला की बुरशी येते, म्हणून आठवड्यापुरते खाद्य बाहेर काढून उरलेले हवाबंद ठेवावे.

पिल्लांच्या टाकीत स्पंज फिल्टरच वापरावा आणि वीज गेल्यास चालेल असा बॅटरीचा हवापंप आधीच घेऊन ठेवावा. वीज चार तास गेली तर स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून पुन्हा बसवावा.

विक्रीतून उरलेले मासे ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. 1952 मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने, जो स्वतः सिक्लिडच आहे, आपल्या जलाशयांत देशी माशांची जागा कशी व्यापली हे मच्छीमार बांधव जाणतात, आणि आपल्या खाड्यांतला कालुंदर हा देशी सिक्लिड तर जपण्याजोगा आहे. अंगणातील टाक्यांना अतिवृष्टीत पाणी ओसंडून मासे बाहेर वाहून जाऊ नयेत म्हणून जाळीचे झाकण बांधावे.

व्यवसाय वाढवू इच्छिणाऱ्यांनी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश आहे आणि महिलांना अनुदानाचे प्रमाण सर्वसाधारण गटापेक्षा जास्त आहे.

जुलैच्या विणीची पिल्ले ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत विक्रीयोग्य होतात. हिवाळ्यातील विणींसाठी परतीच्या पावसात सर्व पिंपे पुन्हा भरून घ्यावीत, झाकून सावलीत ठेवावीत आणि प्रत्येकावर भरल्याची तारीख लिहावी.