चाळिशीनंतर चेहऱ्याची काळजी घेताना या चुका टाळा

नाशिकमध्ये औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मी चेहऱ्याच्या क्रीमविषयी जितके प्रश्न ऐकते, तितके कोणी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयीही विचारत नाही. त्यांतल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी घाई असते. प्रौढ वयात त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन दरवर्षी साधारण १ टक्क्याने कमी होत जाते, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत तर ते सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटते, आणि या सगळ्यावर उन्हाचा मारा सुरू असतोच. इतक्या वर्षांत झालेले बदल पंधरा दिवसांत पुसून टाकणारे काहीतरी द्या, अशी मागणी होते. पंधरा दिवसांत फरक दाखवणारे क्रीम बाजारात मिळतेही, आणि सर्वांत मोठे नुकसान त्यानेच होते.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे क्रीम लावणे

आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर वय बहुधा सुरकुत्यांच्या आधी डागांतून दिसू लागते. गालांवर वांग येतो, कपाळावर काळपट पट्टा उमटतो, ओठांभोवतीची त्वचा गडद होते. त्यामुळे ‘चेहरा तरुण दिसण्याचे क्रीम’ म्हणून जे मागितले जाते, ते पुष्कळदा वांगाचे औषध असते. वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ ज्या तिहेरी मिश्रणाची ट्यूब लिहून देतात, तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे एखादे स्टेरॉइड असते. ते काही आठवडे, रात्रीच्या वेळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे औषध आहे. रोज सकाळी पावडरखाली थापण्यासाठी ते तयार झालेले नाही.

पंचवटीत राहणाऱ्या एक शिक्षिका एका उन्हाळ्यात दुकानात आल्या. त्यांनी पर्समधून काढलेली ट्यूब शेपटीकडून घट्ट गुंडाळत आणलेली होती आणि तिच्यावरचे अर्धे नाव खरवडले गेले होते. “ताई, हेच द्या, दुसरं नको. एक दिवस लावलं नाही तर चेहरा नुसता पेटतो,” असे त्या म्हणाल्या. शेजारणीला डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता, आणि कुठल्याशा दुकानाने काहीही न विचारता त्या फोटोवर त्यांना ही ट्यूब दोन वर्षे दिली होती. मुलाच्या लग्नाआधी त्यांनी ती सुरू केली. पहिल्या महिन्यात चेहरा इतका उजळला की नातेवाईक काय लावतेस म्हणून विचारू लागले. लग्न पार पडले तरी ट्यूब काही सुटली नाही. माझ्यासमोर त्या उभ्या होत्या तेव्हा दोन्ही गालांवर लाल बारीक शिरांचे जाळे होते, हनुवटीवर पुरळ होते, कानशिलांजवळ दाट लव आली होती, आणि गॅससमोर पोळ्या करायला उभे राहवत नाही, असे त्या सांगत होत्या.

मी ट्यूब दिली नाही. “मॅडम, हे आता मिळणार नाही, आधी डॉक्टरांना चेहरा दाखवा,” असे सांगितल्यावर त्या माझ्यावर रागावून निघून गेल्या. पुढे त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार घेतले आणि ते कित्येक महिने चालले. जळजळ थांबली, पुरळ गेले, पण गालांवरच्या शिरा पूर्णपणे गेल्या नाहीत.

यामागचे कारण साधे आहे. स्टेरॉइडमुळे दाह आणि रंगद्रव्य दोन्ही तात्पुरते कमी होतात, म्हणून चेहरा आधी उजळ आणि गुळगुळीत दिसतो. त्याच वेळी ते नवे कोलॅजन तयार होण्याची क्रिया मंदावते, आणि वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे विरावे तशी त्वचा विरळ होत जाते. म्हणजे वय जे हळूहळू करते, तेच हे क्रीम घाईघाईने करते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइडे शेड्यूल एच मध्ये घातली. अशी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती विकली जातात, आणि या व्यवसायात असल्यामुळे मला त्याची चीड येते.

माझी सवय अशी आहे की ट्यूब कोणाचीही असो, पुढचे नाव न पाहता मी मागचे घटक वाचते. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले किंवा वेष्टनावर उभी लाल रेघ असली, तर ते सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे असे समजावे. अशी ट्यूब बरेच दिवस लावली असेल, तर ती सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कशी थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्यावे, कारण अचानक थांबवल्यावर चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतो. नाव, घटक, उत्पादक यांपैकी काहीच न छापलेल्या पांढऱ्या डबीतले ‘नाइट क्रीम’ तर हातातही धरू नये. रंग उजळवणाऱ्या अशा बेकायदा क्रीममध्ये पारा आढळलेला आहे, आणि पाऱ्याने मूत्रपिंडे खराब होतात.

सनस्क्रीन नावापुरते लावणे

महागडे सीरम घेणारे लोक सनस्क्रीनच्या बाबतीत हात आखडतात, याचे मला दरवेळी वाईट वाटते, कारण चेहऱ्यावर अकाली दिसणाऱ्या वयाचे सर्वांत मोठे बाह्य कारण ऊन आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकी ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. तिकडे चालक डाव्या बाजूला बसतो, आणि त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली आणि जाड झालेली होती. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरणे खिडकीच्या काचेत बहुतांशी अडतात, पण यूव्हीए किरणे मोठ्या प्रमाणात आत येतात आणि त्वचेच्या खालच्या थरातल्या कोलॅजनपर्यंत पोहोचतात. रोज कारने सिन्नरला नोकरीला जाणाऱ्याला आपल्याकडे हाच धोका उजव्या गालावर आणि उजव्या हातावर असतो.

सनस्क्रीनच्या प्रमाणात चूक जवळपास सगळेच करतात. वेष्टनावरचा एसपीएफ, म्हणजे मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या थराने मोजलेला असतो, आणि लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. मी तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीची रेघ काढते आणि तेवढे चेहरा, कान व मानेला लावते. अशा हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब साधारण महिनाभरात संपते. गेल्या उन्हाळ्यातली ट्यूब अजून चालू आहे, असे कौतुकाने सांगणाऱ्या व्यक्तीने सनस्क्रीन लावलेच नाही असे मी धरते. एसपीएफ ३० आणि ५० यांत फरक थोडाच आहे, पहिला सुमारे ९७ टक्के आणि दुसरा ९८ टक्के यूव्हीबी अडवतो. तेव्हा आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी पुरेसे लावावे, आणि वेष्टनावर पीए या यूव्हीएपासूनच्या संरक्षणाच्या खुणेपुढे किमान तीन अधिकचिन्हे आहेत का ते पाहावे. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन घ्यावे, कारण दृश्य प्रकाशानेही वांग वाढतो.

पहाटे गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जाताना आठवणीने सनस्क्रीन लावणारी मंडळी दुपारी १२ वाजता मेनरोडला खरेदीसाठी निघतात तेव्हा मात्र पुन्हा लावत नाहीत. जोराचे ऊन साधारण १० ते ४ या वेळेत असते आणि लावलेला थर दर दोन तासांनी पुन्हा द्यावा लागतो. ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत डिकीत इतकी उष्णता साठते की आतले मिश्रण फुटून पाणी आणि मलई वेगळी होते, आणि असे सनस्क्रीन फेकूनच द्यावे लागते. तोंडाला गुंडाळलेला पातळ पांढरा स्कार्फ पुरेसा नाही. प्रकाशासमोर धरल्यावर ज्यातून आरपार दिसते, त्या कापडातून ऊनही येते. घट्ट विणीचा गडद स्कार्फ घ्यावा आणि त्याखाली सनस्क्रीनही लावावे.

रेटिनॉल पहिल्याच रात्री भरपूर लावणे

सुरकुत्यांवर ज्यांचा उपयोग खरोखर सिद्ध झाला आहे, त्यांत रेटिनॉल ज्यात मोडते त्या रेटिनॉइड गटाचे स्थान वरचे आहे. पण नवखे लोक पहिल्या रात्री चेहराभर थापतात, चौथ्या दिवशी सोललेली कातडी घेऊन येतात आणि बाटली परत घ्या म्हणतात. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे, तेही आठवड्यातून दोनच रात्री, कोरड्या त्वचेवर आणि वरून मॉइश्चरायझर, अशी सुरुवात मी सुचवते. परिणामासाठी किमान १२ आठवडे थांबण्याची तयारी नसेल तर घेऊच नये. गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी ते पूर्णपणे टाळावे.

बाकीच्या चुका

लिंबू चेहऱ्याला चोळू नये. त्याची आम्लता त्वचेच्या मानाने फार तीव्र असते, आणि त्याचा रस लागलेल्या जागी ऊन पडले तर भाजल्यासारखे डाग उठतात. हंगामात द्राक्षांचा गर लावण्याची टूम आपल्याकडे दरवर्षी निघते. द्राक्षात टार्टरिक आम्ल असते हे खरे, पण ते किती आहे आणि त्वचेत किती जाते यावर कोणाचाच ताबा नसतो, म्हणून द्राक्षे खावीत.

थंडीत निफाडकडचा गारठा शहरात जाणवू लागला की कढत पाणी आणि जोरात घासणे दोन्ही वाढतात. कोमट पाण्याने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. मानेला आणि हातांच्या पाठीलाही तेच लावावे. तपकिरी झालेले व्हिटॅमिन सी सीरम टाकून द्यावे. भरपूर पाणी पिण्याने सुरकुती जात नाही. मिश्री, तंबाखू आणि सिगारेट सुरू ठेवून क्रीमवर खर्च करू नये.

घरात लग्न आठ दिवसांवर आले असताना नवे फेशियल, नवे सीरम किंवा पील, काहीही सुरू करू नये. नवी वस्तू आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून चार-पाच दिवस पाहावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन एकदम सुरू करून पुरळ आले, तर कोणती थांबवायची हे मलाही सांगता येत नाही.