जीडब्ल्यू१५०९१४चा रिंगडाउन कसा तपासावा

जीडब्ल्यू१५०९१४ म्हणजे दोन कृष्णविवरांच्या विलयातून आलेली गुरुत्वीय लहर, आणि रिंगडाउन म्हणजे विलयानंतर उरलेल्या कृष्णविवराचं विझत जाणारं कंपन. लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या खुल्या संग्रहातून १४ सप्टेंबर २०१५चा हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन डिटेक्टरांचा डेटा घ्या. मॉडेलची जुळणी टाइम डोमेनमध्येच, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या सिग्नलवरच करा. सिग्नल मधूनच कापून फूरिए रूपांतर (सिग्नलची वारंवारतांमध्ये फोड) केलं, तर विलयाआधीची ऊर्जा रिंगडाउनमध्ये झिरपते.

खरी मेख आहे ती सुरुवातीच्या क्षणात. सिग्नलच्या शिखरापासूनच एकटा मुख्य मोड (सर्वात जास्त टिकणारं कंपन) बसवला, तर ओव्हरटोनमुळे, म्हणजे सोबतच्या झटकन विझणाऱ्या कंपनांमुळे, उत्तर हमखास चुकतं. उशीर केला, तर हाती फक्त गोंगाट, कारण ४ मिलिसेकंदांत कंपनाचा आवाका ३७ टक्क्यांवर येतो. म्हणून सुरुवात थोडी थोडी पुढे सरकवत पाहा. शिखरानंतर ३ मिलिसेकंदांच्या सुमारास वारंवारता २५० हर्ट्झजवळ स्थिरावायला हवी.

ही वारंवारता आणि कंपन विझण्याचा काळ यांवरून उरलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान आणि फिरकी काढून विलयापूर्व भागातल्या अंदाजाशी ताडा. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे लहर ताणली जाणं) विसरू नका: मूळचं ६२ सूर्यांचं वस्तुमान डिटेक्टरला ६८च्या आसपास दिसतं.