टाकाऊ उष्णतेवर चालणारा शोषण चिलर: आधीचा हिशेब आणि नंतरची निगा

इंजिनाच्या जॅकेटमधून (त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या आवरणातून) येणारे ९० अंश सेल्सिअसचे पाणी कूलिंग टॉवरवर नेऊन निववायचे आणि त्याच आवारात वीज खर्चून ७ अंशांचे थंड पाणी तयार करायचे, असे दोन्ही खर्च जिथे शेजारीशेजारी चालतात, तिथे शोषण चिलरचा, म्हणजे मुख्यतः विजेऐवजी उष्णतेवर पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, विचार अवश्य करावा. मात्र उत्पादकांची माहितीपत्रके चाळण्याआधी उष्णता मोजावी. तिचे तापमान किती, प्रवाह किती आणि दिवसातले किती तास ती अखंड मिळते, या तीन गोष्टींची किमान काही आठवड्यांची नोंद हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या यंत्रात कॉम्प्रेसरचे काम क्षाराचे द्रावण करते. इव्हॅपोरेटरमधील दाब सुमारे ०.८७ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी ठेवला, की पाणी ५ अंशांनाच उकळते आणि नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यातील उष्णता शोषून घेते. ही वाफ अ‍ॅब्सॉर्बरमधील लिथियम ब्रोमाइडचे तीव्र द्रावण ओढून घेते. त्यामुळे सौम्य झालेले द्रावण पंपाने जनरेटरमध्ये (द्रावण तापवणाऱ्या कप्प्यात) चढवले जाते, तिथे टाकाऊ उष्णतेने त्यातील पाणी उडते, कंडेन्सरमध्ये त्याचे पुन्हा पाणी होते आणि तीव्र द्रावण अ‍ॅब्सॉर्बरकडे परतते. जाणाऱ्या व येणाऱ्या द्रावणांच्या वाटेत एक हीट एक्स्चेंजर (एका द्रावणाची उष्णता दुसऱ्याला देणारा भाग) असतो. त्याच्याकडे पुढे परत यायचे आहे, कारण बहुतेक दुखणी तिथेच उद्भवतात.

द्रावणाची जोडी निवडणे सोपे आहे. थंडावा ५ अंशांच्या वर हवा असेल तर लिथियम ब्रोमाइड आणि पाणी. शून्याखाली जायचे असेल तर अमोनिया आणि पाणी. फेर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेले यंत्र या दुसऱ्या जोडीचे होते. अमोनिया विषारी आहे, तांबे व पितळ खातो आणि त्याच्या वाफेतून पाणी वेगळे करायला रेक्टिफायर लागतो, म्हणून गरज नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये. लिथियम ब्रोमाइडच्या एकपदरी (द्रावण एकाच टप्प्यात तापवणाऱ्या) चिलरला साधारण ७५ ते ९५ अंशांचे पाणी पुरते. उष्णता त्याहून थंड असेल तर सिलिका जेलवर चालणारे अधिशोषण चिलर पाहावेत. ‘शोषण’ आणि ‘अधिशोषण’ ही दोन वेगळी तंत्रे आहेत; निविदेत एका उपसर्गाची चूक झाली तर भलत्याच यंत्राचे दरपत्रक येते.

आता हिशेब. जॅकेटचे पाणी ताशी २० घनमीटर असून ते ९० अंशांना चिलरमध्ये शिरते आणि ८० अंशांना बाहेर पडते, असे धरू. मिळणारी उष्णता सुमारे २३३ किलोवॅट होते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाणी ३० अंशांपर्यंत निवेल असे मानून आकडा सहापट फुगवणे. प्रत्यक्षात जनरेटरला वरचे काही अंशच उपयोगी पडतात. एकपदरी चिलरचा कार्यगुणांक (दिलेल्या ऊर्जेच्या किती पट थंडावा मिळतो तो आकडा) ०.७ धरला तर १६३ किलोवॅट, म्हणजे जवळपास ४६ टन शीतकरण (एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट) हाती येते. तेवढ्याच कामाला ५.५ कार्यगुणांकाचा पाण्याने थंड होणारा विजेचा चिलर सुमारे ३० किलोवॅट वीज घेतो, म्हणून बचत या ३० किलोवॅटमधूनच मोजावी आणि त्यातून टॉवरच्या वाढीव पंप-पंख्यांची वीज वजा करावी. उष्णता खरोखर फुकट असेल तरच हे गणित जमते. त्यासाठी मुद्दाम इंधन जाळायचे असेल तर एकपदरी चिलर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वाधिक दुर्लक्ष कूलिंग टॉवरकडे होते. जनरेटरला दिलेले २३३ आणि इमारतीतून काढलेले १६३, असे एकूण ३९६ किलोवॅट टॉवरवर टाकावे लागतात. विजेच्या चिलरसाठी हाच आकडा २०० च्या आत राहिला असता. पाणी टॉवरवरून येताना ५.५ अंशांनी निवते असे धरल्यास ताशी ६२ घनमीटर पाणी फिरवावे लागते आणि त्यातले ताशी सुमारे ६०० लिटर बाष्प होऊन उडते. जुना टॉवर तसाच ठेवून नवा चिलर जोडला, तर ऐन उन्हाळ्यात क्षमता ढासळते आणि दोष यंत्राला दिला जातो.

उष्णतेचा स्रोत तेलकट किंवा गाळयुक्त असेल तर तो थेट जनरेटरमध्ये न सोडता मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर बसवावा. धुराड्यातील वायूंपासून पाणी तापवताना, इंधनात गंधक असल्यास, वायू आम्लाच्या दवबिंदूखाली, म्हणजे त्यांतील आम्ल द्रवरूप होऊ लागते त्या तापमानाखाली, निववू नयेत. नळ्या आतून कुरतडल्या जातात.

चालवताना मुख्य भीती स्फटिकीकरणाची. द्रावण फार तीव्र झाले किंवा फार थंड झाले की हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार गोठतो आणि वाट बंद होते. अनुभवी ऑपरेटर हे हाताने ओळखतो: जनरेटरकडून अ‍ॅब्सॉर्बरकडे थेट जाणारी ओव्हरफ्लो नळी एरवी गार असते, ती अचानक चटका देऊ लागली की द्रावण तुंबून तिच्यातून वाहत आहे असे समजावे. टॉवरचे पाणी गरजेपेक्षा थंड होऊ न देणे, यासाठी बायपास व्हॉल्व्ह ठेवणे आणि जनरेटरचे तापमान मर्यादेत राखणे हे खरे उपाय आहेत.

दुसरी काळजी निर्वाताची. हवा किंचित जरी शिरली तरी अ‍ॅब्सॉर्बरमधील शोषण मंदावते आणि पोलादाला गंज चढतो. गंजातून निघणारा हायड्रोजन निर्वात आणखी बिघडवतो. आत शिरलेली हवा उपसणाऱ्या पर्ज पंपाचे निकासतोंड तेलाच्या बाटलीत बुडवून ठरावीक वेळात किती बुडबुडे येतात ते मोजावे आणि नोंदवहीत लिहावे. आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर पर्ज वारंवार न चालवता गळती शोधावी.

यंत्र बंद करताना उष्णता आधी तोडावी, पण द्रावणाचे पंप १५ ते ३० मिनिटे फिरत ठेवून द्रावण सौम्य होऊ द्यावे. वीज अचानक गेल्यास ही संधी मिळत नाही, म्हणून हे छोटे पंप, त्यांचे नियंत्रण आणि गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणीबाणीत वीज देणाऱ्या जनरेटर संचाच्या (चिलरमधला जनरेटर नव्हे) विजेवर पहिल्याच दिवशी जोडून घ्यावेत.