वेब प्रकल्पाचा बिल्ड लवकर उरकावा म्हणून

गोव्यात पर्वरी येथील आमच्या छोट्या कार्यालयात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एका हॉटेलाच्या आरक्षण-संकेतस्थळाचा बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरला देण्याजोग्या फाइली तयार करण्याचे काम, सहा मिनिटे चालत असे, आणि शेवटच्या मिनिटात वीज गेली, तर आमच्या म्हाताऱ्या यूपीएसच्या भरवशावर काही उरत नसे. हे काम करणारे वेबपॅक हे साधन सोडून दुसरे घेऊ, असेच सर्वांना वाटत होते. मोजमाप केल्यावर मात्र दोष वेबपॅकचा फारसा नव्हता, हे लक्षात आले.

म्हणून आधी मोजावे. बिल्ड लागोपाठ दोनदा चालवून दोन्ही वेळा टिपाव्यात. दुसरा बिल्ड पहिल्याइतकाच वेळ घेत असेल, तर कॅशे, म्हणजे आधीच्या बिल्डचे परिणाम पुन्हा वापरण्यासाठी जपलेला साठा, मुळात चालतच नाही असे समजावे. प्रकल्प टाइपस्क्रिप्टचा (जावास्क्रिप्टला माहितीच्या प्रकारांची, म्हणजे टाइपांची, जोड देणारी भाषा) असल्यास टीएससी हा तिच्या कंपायलरचा आदेश ‘एक्स्टेंडेड डायग्नॉस्टिक्स’ या पर्यायासह चालवावा. फाइली वाचणे, टाइप तपासणे आणि जावास्क्रिप्ट लिहिणे यांवर गेलेला वेळ तो वेगवेगळा दाखवतो. आमच्याकडे ‘चेक टाइम’ हा आकडा बाकी सर्वांच्या बेरजेहून मोठा निघाला.

अशा वेळी टाइप-तपासणी बिल्डच्या वाटेतून बाजूला काढावी. टीएस-लोडरमध्ये (वेबपॅकसाठी टाइपस्क्रिप्ट फाइलींचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा भाग) ‘ट्रान्सपाइल ओन्ली’ सुरू केले की तो टाइप न तपासता केवळ रूपांतर करतो. तपासणी स्वतंत्र प्रक्रियेत, टीएससीला ‘नो एमिट’ (फाइली न लिहिता फक्त तपासणे) देऊन करावी आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय कोड मुख्य शाखेत जाऊ देऊ नये. ही अट कोणी गाळली, तर वेग मिळतो खरा, पण चुका ग्राहकाच्या पडद्यावर दिसतात. सोबत ‘आयसोलेटेड मॉड्यूल्स’ सुरू ठेवावे, म्हणजे एकेक फाइल सुटी रूपांतरित करताना जो कोड अडचणीचा ठरतो, त्याची सूचना आधीच मिळते. ‘स्किप लिब चेक’मुळे टाइपांच्या घोषणा-फाइलींची तपासणी टळते.

यानंतर कॅशेकडे वळावे. वेबपॅकच्या ५व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कॅशे डिस्कवर टिकवता येतो. त्यासाठी ‘कॅशे’चा ‘टाइप’ ‘फाइलसिस्टम’ ठेवावा आणि ‘बिल्ड डिपेंडन्सीज’मध्ये कॉन्फिग फाइलीचा उल्लेख करावा, नाहीतर कॉन्फिग बदलूनही जुनाच परिणाम पुढे येण्याचा धोका असतो. यात एक मेख आहे. हा कॅशे मूळ व्यवस्थेत नोड-मॉड्यूल्स या बाहेरच्या पॅकेजांच्या फोल्डरच्या आतच साठतो, आणि सर्व्हरवरील स्वयंचलित बिल्डमध्ये आपण ‘एनपीएम सीआय’ हा पॅकेजे बसवणारा आदेश चालवतो, जो नोड-मॉड्यूल्स पुसूनच कामाला लागतो. कॅशे सुरू करूनही फरक का पडत नाही, हे कोडे आम्हाला दोन दिवस सुटले नव्हते. ‘कॅशे डिरेक्टरी’ नोड-मॉड्यूल्सच्या बाहेर हलवून तो फोल्डर दोन बिल्डांच्या मध्ये जपून ठेवावा.

लोडरची कक्षा आपल्या स्वतःच्या कोडच्या ‘एसआरसी’ फोल्डरपुरती आखावी. नवे जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांसाठी रूपांतरित करणाऱ्या बेबलला अख्खे नोड-मॉड्यूल्स चघळायला देण्यात सहसा अर्थ नसतो. काम अनेक समांतर प्रक्रियांत (वर्करांत) वाटणाऱ्या थ्रेड-लोडरच्या प्रत्येक वर्करला सुरू होण्यासच साधारण ६०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे लहान प्रकल्पात त्याने नुकसानच होते. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी प्रकल्प सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत ठेवावा. हा बदल फुकटचा आहे आणि फरक लगेच जाणवतो.

एवढे करूनही भागले नाही, तरच साधन बदलण्याचा विचार करावा. गो भाषेतील ईएसबिल्ड आणि रस्टमधील एसडब्ल्यूसी बेबलपेक्षा पुष्कळ वेगवान आहेत, यात शंका नाही. परंतु दोन्ही टाइप तपासत नाहीत, त्यामुळे तुलना करताना जुन्या बिल्डमधूनही तपासणी वगळावी, म्हणजे साधनाचा खरा वाटा किती ते कळेल.

गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित बिल्डच्या सेवेवर कॅशे ठेवत असाल, तर ७ दिवस कोणी न वापरलेला कॅशे तेथून काढून टाकला जातो, हे ध्यानात असावे. आमच्याकडे पर्यटनाचा हंगाम सरला की हॉटेलांच्या प्रकल्पांना कित्येक आठवडे हात लागत नाही. ऑक्टोबरातला पहिला बिल्ड रेंगाळला, तर घाईने सेटिंगांची उलथापालथ न करता आधी दुसरा बिल्ड चालवून पाहावा.