प्लग किती आवळायचा? गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या पोराच्या हातात सुरुवातीला ठरलेली कामं येतात. ऑइल बदल, एअर फिल्टर झटक, स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढून बघ. प्लगचं काम सोपं समजतात, म्हणून ते नवख्याकडे देतात. मला हे पटत नाही. ऑइल सांडलं तर पुसता येतं. सिलिंडर हेडचे, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे, आटे गेले की लेथवाल्याकडे चकरा, हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी), आणि गिऱ्हाईक रोज फोन करतंय ते वेगळंच.

दुचाकी आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर बरीच वर्षं हात चालवून आणि शिकाऊ पोरांना शिकवून माझं एक मत झालंय : प्लग बसवण्यातलं बहुतेक काम पाना हातात घ्यायच्या आधीच होतं.

इंजिन थंड होऊ द्या, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग उपटताना आटेही सोबत येऊ शकतात. खोलण्याआधी प्लगभोवतीची माती हवेने उडवा. आपल्याकडच्या रस्त्यांवर चाललेल्या दुचाकीच्या त्या खळग्यात काय काय साठतं ते एकदा बॅटरी मारून बघाच. ती माती सिलिंडरमध्ये गेली, तर पुढचं सगळं व्यर्थ.

आता बसवणं. सुरुवात बोटांनीच करायची. प्लग हेडमधल्या खोल खड्ड्यात, म्हणजे विहिरीत, असेल तर त्याच्या शेपटाला रबरी नळीचा तुकडा लावा आणि नळी फिरवा. वाकडा लागला तर नळी घसरते, आट्यावर जोर येत नाही. पाना मात्र मुकाट आटे कापत जातो. आधी थोडं उलटं फिरवा. आट्याचं तोंड जुळलं की बारीक 'टक्' जाणवतं, मग सुलटं. शेवटपर्यंत प्लग हलकाच गेला पाहिजे. मध्येच अडला तर जोर न लावता काढा आणि बघा. आणि विहिरीत प्लग सोडून देऊ नका. टोक आपटलं की गॅप, म्हणजे ठिणगी पडायची फट, मिटतो.

प्लग हाताने जागेवर बसला, की आकड्याचं, म्हणजे किती जोराने (टॉर्कने) आवळायचं त्याचं, काम सुरू. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाला १० मिमी आट्यांचा प्लग साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०, १४ मिमीचा २५ ते ३०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

टॉर्क रेंच (लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की 'क्लिक' करणारा पाना) असेल तर त्याचा पल्ला आधी बघा. चाकाच्या नटांसाठी घेतलेला मोठा रेंच १२ न्यूटन-मीटरला भरवशाचा नसतो. तो 'क्लिक' करेपर्यंत प्लगचं काम तमाम झालेलं असतं. एककही तपासा. फूट-पाउंडाच्या पट्टीवर १२ लावलेत, तर प्रत्यक्षात १६ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर बसतो. क्लिक झालं की थांबायचं. खात्रीसाठी अजून एक झटका द्यायची सवय बऱ्याच जुन्या मिस्त्रींनाही आहे, ती उचलू नका.

रेंच नसेल तर कोनावर जा. नव्या प्लगचा वॉशर पोकळ, दुमडलेला असतो. हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा. पान्याच्या दांड्याला आधी दबल्यासारखं मऊ लागतं, तो वॉशर चेपत असतो, आणि मग एकदम कडक होतं. ती कडक जागा ओळखायला शिका. जुनाच प्लग परत लावताय? वॉशर आधीच चपटा झालाय, त्यामुळे घड्याळाचा काटा बारावरून एकवर जाईल तेवढंच. नवख्यांची गफलत इथेच होते. जुन्या प्लगलाही अर्धा फेरा मारतात. काही गाड्यांचे प्लग वॉशरशिवाय, निमुळत्या बैठकीचे असतात. त्यांना सोळावा हिस्सा फेरा पुरतो, आणि त्यांत वॉशर घालायचा नसतो.

एवढी काटेकोरी का? प्लगच्या टोकाची बहुतेक उष्णता आटे आणि बैठकीतून हेडमध्ये उतरते. सैल प्लगला ही वाट मिळत नाही. टोक तापून लाल होतं, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि गोष्ट पिस्टनला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकते. जास्त आवळला तर प्लगचं धातूचं अंग ताणलं जातं, आतलं सिरॅमिक ढिलं पडतं, नाहीतर हेडचे आटे जातात.

आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावायचं का, हे प्रत्येक पोरगं विचारतं. एनजीकेसारख्या कंपन्यांच्या प्लगवर मुलामा असतोच, आणि त्या कोरडाच बसवायला सांगतात. वंगणाने घर्षण घटतं. रेंच तोच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

पल्सरमध्ये २००३ साली डीटीएस-आय (दोन ठिणग्यांचं तंत्र) आलं तेव्हापासून एका हेडमध्ये दोन प्लग आले, २०० एनएसमध्ये तर तीन. आटे खायची संधीही तेवढ्या पटीने वाढली. सरावासाठी भंगारवाल्याकडून एखादं जुनं हेड आणा, व्हाइसमध्ये पकडा, आणि नवे वॉशर चेपून बघा. गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.