वस्तीतील वाहतूक सुरक्षेचा प्रश्न स्थानिक सभागृहात कसा मांडावा

वस्तीतून भरधाव जाणाऱ्या वाहनांची तक्रार स्थानिक सभागृहात पोहोचते, तेव्हा बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘संबंधित विभागास कळवण्यात आले’ अशी इतिवृत्तात नोंद होते, नाही तर काही दिवस पोलिसांची गस्त वाढते आणि मग सारे पूर्ववत होते. दोन्हींमागचे कारण एकच असते: सभागृहापुढे तक्रार आलेली असते, पण हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रस्ताव आलेला नसतो. असा प्रस्ताव कसा तयार करावा, त्यात पोलिसांकडून काय मागावे आणि ठराव झाल्यावर तो कागदावरच राहू नये म्हणून काय करावे, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे.

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा. वस्तीतून जाणारा प्रत्येक रस्ता स्थानिक संस्थेचाच असतो असे नाही. काही रस्ते वरच्या पातळीवरील बांधकाम खात्याकडे असतात आणि तेथे स्थानिक सभागृह फक्त शिफारस करू शकते. रस्त्याची रचना, वेगमर्यादेची अधिसूचना आणि नियमभंगावरील कारवाई ही तीन कामेही अनेक ठिकाणी तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात. हे न पाहता केलेले निवेदन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते, आणि त्यात कोणाचाच दोष दाखवता येत नाही.

मोजमापाशिवाय सभेला जाऊ नका

‘गाड्या फार वेगाने जातात’ या वाक्याला ‘तसे काही नाही’ हे उत्तर पुरेसे ठरते. त्यामुळे मोजमाप स्वतः करा. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. रस्त्याच्या कडेने पन्नास मीटरचे अंतर मोजून दोन ठळक खुणा ठरवा आणि बाजूच्या सुरक्षित जागेवरून मोबाइलवर चित्रण करा. वाहनाला ते अंतर कापायला जितके सेकंद लागले, त्या संख्येने १८० ला भागले की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. सहा सेकंद लागले तर वेग ३०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. ज्यांच्या पुढे दुसरे वाहन नाही, म्हणजे जी आपल्या मर्जीने वेग ठरवत आहेत, अशीच वाहने मोजा. कोंडीतील वाहने धरली तर सरासरी खाली येते आणि प्रश्नच नाहीसा झाल्यासारखा दिसतो. शंभर वाहनांचे वेग चढत्या क्रमाने मांडल्यावर पंच्याऐंशीव्या वाहनाचा जो वेग येतो, तो वाहतूक अभियंते प्रमाण मानतात. प्रस्तावात सरासरीबरोबर हा आकडा दिलात तर अभियंत्याशी त्याच्या भाषेत बोलल्यासारखे होईल. मोजणी शाळा सुटण्याच्या वेळी, भर दुपारी आणि रात्री अशी वेगवेगळी करा. रिकाम्या रस्त्यावर रात्री वाढणारा वेग दिवसाच्या पाहणीत कधीच दिसत नाही.

वेगातील हा फरक का महत्त्वाचा आहे, हे सभागृहाला साध्या हिशेबाने सांगता येते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरा. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार धोका दिसल्यापासून सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० च्या मोटारीचा मात्र तेवढ्या अंतरात ब्रेकही लागलेला नसतो; ती १३ मीटरवर असलेल्या माणसावर पूर्ण वेगाने आदळते. रस्ता सुरक्षेविषयीच्या २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जेथे सतत एकत्र येतात तेथे कमाल वेग ३० असावा असे म्हटले गेले, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहराने तर मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ही मर्यादा १९९२ सालीच लागू केली होती.

अपघातांची नोंद पोलिसांकडून मागवा, पण ती किमान तीन वर्षांची हवी. एखाद्या वर्षी अपघात योगायोगाने वाढतात आणि पुढच्या वर्षी काहीही न करता कमी होतात. केवळ वाईट वर्षाचा आकडा घेऊन केलेली मागणी पुढे तुमच्यावरच उलटू शकते. ज्या घटनांची पोलिसांत नोंद होत नाही, म्हणजे थोडक्यात टळलेल्या धडका, तुटलेले कठडे आणि किरकोळ जखमा, त्यांची तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहून रहिवाशांनी वही ठेवावी. वाहनांचे क्रमांक आणि चालकांची छायाचित्रे मात्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत. त्यातून भांडणे वाढतात आणि रस्ता तसाच राहतो.

पोलिसांकडून काय मागावे

सर्वांत सोपी मागणी गस्तीची असते, आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी टिकाऊ असते. पोलीस उभे असतात तोवर वेग कमी होतो आणि ते गेले की पुन्हा वाढतो. रस्त्याची रचना मात्र चोवीस तास कामावर असते. अरुंद केलेले वळण, पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडण्याची उंचावलेली जागा किंवा नीट बांधलेला गतिरोधक यांचे काम पोलिसांवर ढकलू नका. (नीट बांधलेला म्हणजे सुमारे ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच, गोलसर माथ्याचा. रातोरात टाकलेला डांबराचा ढिगारा नव्हे.)

तरीही पोलिसांशिवाय हे काम पूर्ण होत नाही, कारण रात्रीच्या शर्यती, मद्यपान करून वाहन चालवणे आणि पदपथावर वाहने लावणे या गोष्टी केवळ सिमेंटने सुटत नाहीत. येथे लोकसहभागी पोलिसिंगचा खरा उपयोग आहे. १९९३ मध्ये शिकागो शहराने पाच पोलीस विभागांत एक प्रयोग सुरू केला. त्यात ठरावीक बीटवर, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या छोट्या भागात, तेच अधिकारी कायम ठेवले गेले आणि त्या बीटमधील रहिवाशांबरोबर नियमित बैठका सुरू झाल्या. पुढे ही पद्धत शहरभर लागू झाली. त्यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, बैठकीत गुन्ह्यांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एका वेळी एकच प्रश्न घ्यावा, त्याचे कारण शोधावे, कोण काय करणार ते ठरवावे आणि पुढच्या बैठकीत त्याचा आढावा घ्यावा. तुम्हीही पोलिसांकडे एक कायम संपर्क अधिकारी, मोजणीत सर्वाधिक वेग आढळलेल्या तासांतच होणारी तपासणी आणि त्या तपासणीची मासिक आकडेवारी मागा.

आकडेवारीत किती वाहने अडवली एवढेच नको, कोठे व कोणत्या कारणासाठी अडवली हेही हवे. सुरक्षेच्या नावाखाली ठरावीक पेहरावाच्या, वयाच्या किंवा वस्तीतील लोकांनाच वारंवार थांबवले जात असेल, तर ज्यांच्या सहकार्यावर ही सारी योजना उभी आहे त्यांचाच विश्वास उडतो. स्वयंसेवकांनी वाहने अडवू नयेत, दंडाची भाषा करू नये, हेही प्रस्तावात स्पष्ट लिहावे. त्यांचे काम मोजणे, नोंदवणे आणि शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडण्यास मदत करणे इतकेच.

सभेपूर्वी आणि सभेत

प्रस्ताव एका पानाचा ठेवा आणि मोजणीचे तक्ते जोडपत्रात द्या. विषय कार्यसूचीवर घेण्याची मुदत आधी विचारून घ्या, कारण आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा होते पण खर्चाला मंजुरी क्वचितच मिळते. सभेच्या आधी लोकप्रतिनिधी, अभियंता आणि पोलीस अधिकारी यांना त्याच रस्त्यावर, गर्दीच्या वेळी, एकत्र बोलवा. कार्यालयात तासभर चालणारा वाद जागेवर पुष्कळदा मिनिटांत मिटतो. ज्यांना बदल नको आहे त्यांनाही याच टप्प्यावर भेटा. दुकानदाराला वाहनतळाच्या जागेची काळजी असते, बसचालकाला वेळापत्रकाची, तर अग्निशमन दलाला गतिरोधकांमुळे होणाऱ्या विलंबाची. यांतील शेवटचा आक्षेप गंभीर आहे. त्यावर तुकड्यांचे गतिरोधक सुचवता येतात; दोन बाजूंच्या चाकांत जास्त अंतर असलेली मोठी वाहने तुकडा चाकांच्या मधोमध ठेवून न अडखळता पुढे जातात.

लोकांना विश्वासात न घेता केलेला चांगला निर्णयही अडचणीत येतो. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील बहुतांश रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी तीस मैलांवरून वीस मैलांवर आणली गेली, तेव्हा तिच्या विरोधातील याचिकेवर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुढे सरकारला कोणत्या रस्त्यांवर सवलत द्यायची याचे निकष नव्याने ठरवावे लागले. म्हणून पहिल्याच दिवशी कायमस्वरूपी बांधकाम मागण्याऐवजी सहा महिन्यांचा प्रयोग मागणे शहाणपणाचे ठरते. रंगवलेले पट्टे, कुंड्या आणि हलवता येणारे खांब यांवर तो कमी खर्चात करता येतो आणि फसला तर मागे घेता येतो. प्रयोग सुरू असताना वाहने शेजारच्या गल्लीत वळतात का, हे तपासण्यासाठी तेथेही आधी आणि नंतर मोजणी करा.

बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतील असे गृहीत धरून मागणी पहिल्याच वाक्यात सांगा. मुलाचा अपघात झालेल्या पालकाला त्याची इच्छा असेल तरच बोलू द्या; त्याचे दुःख हा युक्तिवाद म्हणून वापरू नये.

ठरावाच्या मसुद्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: रस्त्याचा नेमका भाग, काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, खर्चाचे लेखाशीर्ष (म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या सदरातून खर्च होणार ते) आणि पूर्ततेची तारीख. ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ हा शब्दप्रयोग आला तर तेथेच दुरुस्ती सुचवा. इतिवृत्ताची प्रत मिळताच ती मंजूर ठरावाशी ताडून पाहा. प्रयोग संपण्याच्या महिनाभर आधी त्याच जागी, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने पुन्हा शंभर वाहने मोजा आणि पंच्याऐंशीव्या वाहनाचा नवा वेग जुन्या आकड्याशेजारी लिहून अनुपालन अहवालासोबत सभागृहाकडे पाठवा.