गगनबावडा बघायचाय? मग आधी तिकीट नीट मागा

कोल्हापुरात नुसतं 'बावडा' म्हणालात की माणूस तुम्हाला कसबा बावड्याला पाठवणार. राजाराम साखर कारखाना असलेला, शहरातलाच. पुण्याची दोन पोरं एकदा अशीच केएमटीने, म्हणजे शहर बसने, तिकडं गेली आणि कारखान्याच्या गेटवर 'गड कुठाय' विचारत उभी राहिली. दुपारी माझ्या गाडीत चढली तेव्हा त्यांचा अर्धा दिवस गेलेला. म्हणून पहिला धडा : पूर्ण नाव घ्या, गगनबावडा. कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडावरचं गाव, गगनगडाचं.

मी एसटीत कंडक्टर होतो. त्यातली बरीच वर्षं ह्याच रूटवर गेली. आधी तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन, शेवटी मशीन गळ्यात घालून. मुक्कामी गाडीमुळं गगनबावड्यात इतक्या रात्री काढल्यात की तिथली पहाट मला घरच्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. लोक मला विचारतात, 'तिथं बघायला काय आहे? कोकणात जाताना वडापाव खायला थांबतो तेवढंच.' त्या लोकांसाठीच हे लिहितोय.

कोल्हापुरापासून अंतर साधारण 55 किलोमीटर. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करत रस्ता पश्चिमेला जातो. निम्म्यापर्यंत ऊस आणि गुऱ्हाळं. साळवण सोडलं की भाताची खाचरं लागतात, डोंगर जवळ येतात आणि हवा पालटते. खिडकी उघडीच ठेवा. सकाळी लवकर निघा, कारण दुपारनंतर धुकं उतरलं तर गडावरून तुम्हाला फक्त तुमचेच पाय दिसतील.

कधी जायचं? सगळे पावसात जातात. मी म्हणतो, पहिल्यांदा जाणाऱ्यानं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जावं. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे कोल्हापूरचा पाऊस नव्हे. रंकाळ्यावर रिमझिम असते तेव्हा तिकडं वायपर दमतात. कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि वाहतूक बंद होते. एका आषाढात आमची गाडी अशीच अडकली. पाणी उतरायची वाट बघत साडेचार तास बसलो. वैभववाडीकडच्या एका मावशींच्या पाटीत फणस होता. ड्रायव्हरनं तो फोडला, सगळ्या गाडीनं गरे खाल्ले आणि मावशींनी आठळ्या मात्र मोजून परत घेतल्या. तेव्हा पावसात जायचंच असेल तर आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करा, आणि पाण्यात गाडी घालायची मर्दुमकी करू नका. गाडी आपली असली तरी नदी आपली नसते.

पावसाळ्यात तिथं छत्री निरुपयोगी. वारा ती उलटी करून हातात देतो. जुनी माणसं इरलं घेऊन खाचरात वाकलेली दिसायची, पाठ झाकली जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. तुम्ही लांब रेनकोट घ्या आणि बूट असे घाला की चिखलात राहिले तरी वाईट वाटू नये. गवतातून चाललात तर जळवा चिकटणार. ओढून काढू नका. मीठ लावा, नाहीतर शेजारच्या माणसाकडची चिमूटभर तंबाखू, आमच्याकडं तिची कधी टंचाई नसते.

आता गावात उतरल्यावर. बहुतेक जण थेट गडाकडं सुटतात. मी उलट सांगतो, आधी गाव बघा. गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्य म्हणजे शिवाजी महाराजांपासून करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, संभाजी महाराजांपर्यंत ज्यांनी राज्याचा कारभार बघितला तो माणूस. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा मागं महाराष्ट्र सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि 'हुकुमतपनाह' हा किताब त्यांना मिळाला. आज्ञापत्र त्यांनीच 1715 मध्ये लिहिलं. राज्य कसं चालवावं, किल्ले कसे राखावेत हे त्यात आहेच. पण मला त्यातली झाडांची गोष्ट आवडते. आरमाराला लाकूड लागतं म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नका, लोकांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, अगदीच गरज पडली तर मालकाला राजी करून, मोल देऊन तोडा, असं त्यात बजावलंय. फणसाच्या आठळ्या मोजून घेणाऱ्या त्या मावशी मला हे वाचतानाच आठवल्या.

पंत अमात्यांचा वाडा गावात आहे. तो सरकारी संग्रहालय समजून फोन वर करत आत शिरू नका. बाहेर थांबा, विचारा, 'बघू का?' म्हणा. हो म्हणाले तर चपला काढून जा, नाही म्हणाले तर बाहेरून बघून पुढं चला. रामचंद्रपंतांची समाधी मात्र इथं नाही, ती पन्हाळ्यावर आहे. दोन वेगळ्या रविवारी दोन्ही जागा बघितल्यात तर गोष्ट पुरी होते.

मग गगनगड. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला किल्ला मानतात. गाडी पायथ्यापर्यंत जाते, पुढं पायऱ्या. गुडघे धरणाऱ्यांनी सावकाश चढावं, कुणी शर्यत लावलेली नाही. वर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, त्यांनी तपश्चर्या केलेली गुहा आहे. महाराजांनी 2008 मध्ये खोपोलीत देह ठेवला, पण दत्तजयंतीला इथं अजून गर्दी उसळते. त्या दिवसांत गाडीत उभं राहायलाही जागा नसायची, तिकीट फाडायला मी माणसांच्या डोक्यांवरून हात घालायचो. शांतपणे गड बघायचा असेल तर ते दिवस टाळा. गडावरच गैबी पिराचा दर्गाही आहे. एकाच खेपेत दोन्हीकडं नारळ ठेवणारी माणसं मी खाली उतरताना बघितलीत.

तटबंदी शोधत बसलात तर निराश व्हाल. 1844 मध्ये किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांचं बंड झालं, त्यानंतर इंग्रजांनी करवीर राज्यातले किल्ले पाडायला घेतले. पन्हाळ्याचा 'चार दरवाजा' नावाचा दरवाजा तेव्हाच गेला, हा गडही त्यात मोडला. बघायचं ते कड्यावरून. तिथं उभं राहिलं की हे गाव इथंच का वसलं ते कुणी सांगावं लागत नाही. पायाखाली कोकण, आणि गावापासून फुटणाऱ्या दोन वाटा : एका अंगाला वैभववाडीकडं उतरणारा करूळ घाट, दुसऱ्या अंगाला भुईबावडा घाट. घाटाचं तोंड ज्याच्या हातात, त्याच्या नजरेतून कोकणातून माल घेऊन वर येणारी बैलाची पाठ चुकणार नाही. मी ड्रायव्हरच्या मागं बसून हजारदा तो घाट बघितला, पण हे कळलं पहिल्यांदा गडावर चढलो तेव्हा, नोकरीच्या सहाव्या वर्षी. लाज वाटली.

करूळ घाट 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी बराच काळ बंद होता, सगळी वाहतूक भुईबावड्यातून वळवली होती. म्हणून खाली उतरायचा बेत असेल तर निघायच्या आधी कोणता घाट चालू आहे ते विचारून घ्या. घाटात धबधब्याखाली गाडी उभी करून नाचणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, वळणावरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला त्यांच्याबद्दल काय वाटतं ते छापण्यासारखं नाही.

परतीला वेळ असेल तर पळसंबे गाठा. असळजच्या आसपास कुणालाही 'रामलिंग' विचारा, वाट दाखवतील. ओढ्याच्या पात्रात अखंड दगडातून कोरलेली छोटी देवळं आहेत, वर झाडांची दाट सावली. पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहतं, तेव्हा दगड शेवाळलेले असतात. कडेनं बघा, मधे उतरू नका. उन्हाळ्यात भर दुपारीही तिथं घोंगडं हवंसं वाटतं.

खायचं काय? तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापुरात येऊन खा. इथं चहा आणि गरम भजी, आणि कुणी घरगुती जेवण देणारं भेटलं तर नाचणीची भाकरी सोडू नका. जेवण हवं असेल तर गडावर चढायच्या आधी सांगून ठेवा, उतरल्यावर ताट तयार मिळतं.

स्वतःच्या गाडीनं गेलात तर अंधार पडायच्या आत साळवण गाठा. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. हॉर्न वाजवू नका, लाईट मारू नका, गाडी थांबवा आणि कळप जाऊ द्या. शेवटचा एक ओलांडला असं वाटल्यावरही थोडं थांबा, मागं एक पिल्लू राहिलेलं असतं. एसटीनं जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ मोबाईलवर बघून विश्वास ठेवू नये. स्टँडवर उतरल्या उतरल्या कंट्रोलरच्या खिडकीत विचारावं, आणि त्यानं सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर राहावं.

आणि सुट्टे पैसे घेऊन चढा. सकाळच्या पहिल्या गाडीत पाचशेची नोट काढणाऱ्याला कंडक्टर कसा बघतो, ते तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे.